खाली घेतलेला ट्रम्पेट

तिनं ट्रम्पेटची कळ दाबून फुंकर मारली आणि नळीत साठलेलं पाणी पायाजवळच्या फडक्यावर गळू दिलं. पाणी फारसं नव्हतंच. पण तेवढ्यात वेळ जातो, ओठाला दम खाता येतो आणि काचेपलीकडच्या लोकांना वाटतं की बाईंची तयारी चालली आहे.

"घ्यायचं का?" हेडफोनमध्ये ध्वनिमुद्रकाचा आवाज आला. "की आधी चहा मागवू?"

"चहा नंतर. हे एकदाचं होऊन जाऊ दे."

काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाच्या मागच्या सोफ्यावर सर बसले होते, तिच्या संशोधनाचे मार्गदर्शक. मांडीवर तिचा जाडजूड प्रबंध. सकाळपासून त्यांनी तो उघडला नव्हता, पण बाजूलाही ठेवला नव्हता. शुक्रवारी समितीपुढे तिची तोंडी परीक्षा होती आणि त्याच दिवशी आजचं ध्वनिमुद्रण ऐकवायचं होतं. कॉलेजला संगीत विभागात शिकवायला नुसती पदवी असलेली बाई नको होती. पदवी हवी आणि वाजवणारीही हवी. सरांनी तिच्यासाठी शब्द टाकला होता. ती जागा जवळजवळ तिचीच होती.

जवळजवळ. कारण वरच्या ओठाच्या आतला एक स्नायू गेले काही महिने दगा देत होता. थोडा वेळ ठीक चालायचं, आणि मग ऐन वरच्या सुरावर तो असा काही सुटायचा की ट्रम्पेटमधून नुसती हवा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाजवणं बंद ठेवा, कदाचित बरा होईल, कदाचित नाहीही होणार. हे तिनं कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. कार्यक्रम तसेही कमी झाले होते. ट्रम्पेट वाजवू न शकणाऱ्या बाईला ट्रम्पेट शिकवायची नोकरी कोण देणार? आज निभावलं तर निभावलं. नाहीतर सगळंच मुसळ केरात.

त्यात वाजवायचं होतं ते बाबांचं गाणं.

बाबांची एकच रेकॉर्ड निघाली, आणि त्या एका रेकॉर्डवर ते मोठे झाले. जॅझ ऐकणाऱ्या कुणालाही विचारा, तो शेवटच्या गाण्यातली ती जागा सांगेल. ट्रम्पेट वर चढत जातो, आता शेवटचा सूर लागणार म्हणून आपण पुढे सरकून बसतो, आणि तिथे बाबा गप्प होतात. नुसता ड्रमवर तारांच्या ब्रशचा हलका आवाज. मग ट्रम्पेट परत येतो तो खालच्या सप्तकात, हळू, आणि गाणं संपतं. त्या मौनावर लोकांनी किती लिहिलं! सगळ्यात जास्त तिनं लिहिलं. प्रबंधातलं चौथं प्रकरण अख्खं त्यावरच होतं आणि सर ते बाहेरच्या विद्यापीठांत वाचून दाखवायचे.

घरी मात्र बाबांचा नियम वेगळाच. एकदा ओठाला लावला की गाणं संपेपर्यंत ट्रम्पेट खाली घ्यायचा नाही. लहानपणी ती दमून खाली घ्यायची, तेव्हा ते ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत. उठून खोलीबाहेर निघून जायचे. ओरडले असते तर बरं, असं तिला तेव्हाही वाटायचं आणि अजूनही वाटत होतं.

"चिमणे, लय तीच ना?" मागून ठोक्याकाकांनी विचारलं. मूळ रेकॉर्डवर ड्रम त्यांनीच वाजवले होते. त्या चमूतले आता ते एकटेच उरले होते. हात थरथरायचे, पण ब्रश धरला की थांबायचे, कसे कोण जाणे.

"तीच, काका."

डबल बास घेऊन उभ्या असलेल्या उंच बासवाल्यानं मान हलवली. लाल दिवा लागला.

सुरुवात छान झाली. फारच छान, आणि त्याचीच तिला भीती वाटू लागली. बास मऊ चालत होता, काका अंगाखांद्यावर खेळवल्यासारखे तिला पुढे नेत होते. ती चढू लागली. काचेपलीकडे सर पुढे सरकून बसलेले तिला दिसले. त्या जागी बाबांसारखं थांबायचं नाही, थेट वरचा सूर लावायचा, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मौन बाबांचं. आपण आपलं वाजवावं. शिवाय तो सूर लागला, तर ओठ अजून आहे असं निदान स्वतःला तरी सांगता येईल.

आणि नेमका तिथेच ओठ सुटला.

आधी ओठ बधिर झाला, मग हवेची फुस्स. तिनं माऊथपीस आणखी दाबला तशी कळ थेट नाकापर्यंत गेली आणि जिभेला रक्ताची चव लागली. हात आपोआप खाली आले. ट्रम्पेट खाली. बाबा खोलीतून उठून गेल्यासारखं तिला वाटलं.

तेवढ्यात मागून ब्रश आला. ड्रमच्या कडेवर एक लांब घासणं, दोन तुटक, मग झांजेच्या काठावर नख लावल्यासारखा अगदी बारीक आवाज. हे तिला तोंडपाठ होतं. चौथ्या प्रकरणात तिनं ते स्वरलिपीत उतरवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'मौनाशी संवाद'.

ती वळली. काकांचं लक्ष ड्रमकडे नव्हतं, बासवाल्याकडेही नव्हतं. ते तिच्या ओठाकडे बघत होते. आलीस का, की अजून जागा भरू, असं विचारल्यासारखे.

तिनं ट्रम्पेट उचलला. वरचं काही निघणं शक्यच नव्हतं. जे निघण्यासारखं होतं ते खाली होतं, म्हणून ती खाली गेली. हळू वाजवलं, कारण जोर उरला नव्हता. गाणं संपलं आणि लाल दिवा विझला.

काचेपलीकडे सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. आवाज येत नव्हता, नुसते हात दिसत होते.

तिनं हेडफोन काढला आणि रुमाल ओठाला लावून काकांजवळ गेली.

"काका, बाबांचा ओठ गेला होता का तेव्हा?"

काकांनी ब्रश खाली ठेवला. लपवाछपवी करताहेत असं मुळीच दिसत नव्हतं.

"गेला होता म्हणजे? पार फाटला होता. सकाळपासून तेच गाणं घेत होतो. रीळ संपत आलेलं, दुसरं आणायला पैसे कुणाच्या बापाकडे होते? त्यानं ट्रम्पेट खाली घेतला, मला घाम फुटला. म्हटलं काहीतरी घासत बसू, हा येतोय का बघू. आला बिचारा, खालून खालून."

"आणि मला कधी सांगितलं नाहीत?"

"अगं, मी काय सांगणार? त्यानंच सांगितलं की, रेडिओवर. तू ऐकलीयस ना ती मुलाखत?"

ऐकली होती. किती वेळा, त्याला गणतीच नाही. 'ओठ गेला होता हो,' बाबा म्हणतात, मुलाखतकार खो खो हसतो, आणि मग बाबाही हसतात. प्रबंधात ती तळटीप होती. 'ओठ गेला होता, असे ते विनोदाने म्हणत.' विनोदाने हा शब्द तिचा होता. बाबांनी तो कुठेच म्हटलेला नव्हता.

"त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात लोकांना तेच हवं असायचं," काका म्हणाले. "ओठ चांगला असला तरी तिथे गप्प बसायचा. जाम चिडायचा मनातून. एकदा मला म्हणाला, माझ्या पोरीला तरी तो सूर लागायला पाहिजे."

तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. बाबांचा, स्वतःचा, त्या चौथ्या प्रकरणाचा. लहानपणी खोलीचं बंद होणारं दार आठवलं, आणि दारापलीकडे ओठ चाचपत उभा असलेला माणूस आज पहिल्यांदाच डोळ्यांपुढे आला. एवढं शिकून आपल्याला हे दिसलं नाही, याची तिला भयंकर लाज वाटली.

दार ढकलून सर आत आले. डोळे पाणावलेले.

"अगं, काय वाजवलंस! मी म्हणत होतो तू ते मौन टाळशील. पण नाही! तेच थांबणं, तेच खाली येणं. चौथं प्रकरण वाजवून दाखवलंस तू. आता समिती विचारून विचारून काय विचारणार? जागा तुझीच, लिहून ठेव."

नुसतं 'थँक्यू सर' म्हणायचं होतं. दोनच शब्द, आणि ते तोंडात तयारच होते.

"सर, माझा ओठ गेला होता."

सर मान मागे टाकून हसले. "वा! हेही वडिलांसारखंच! अगदी तेच शब्द!" ध्वनिमुद्रक स्पीकरवरून हसला. सर हसताहेत म्हणून बासवालाही हसला.

हसणं वाईट नव्हतं. मायेचंच होतं. तिच्या स्वतःच्या गालातही हसू जमू लागलं होतं. मुलाखतीत बाबांचं हसू इतरांपेक्षा थोडं उशिरा येतं, हे तिला कधीपासून माहीत होतं. तिथे टेप थांबवून तिनं अनेकदा पुढची वाक्यं उतरवून घेतली होती. एवढ्याशा वेळात बाबांनी काय ठरवलं असेल, ते आता तिला कळत होतं. एकदा सांगून झालं होतं, लोक हसले होते, आणि त्यांनी तो नाद सोडून दिला होता.

काका हसत नव्हते. मघासारखेच तिच्या ओठाकडे बघत होते.

तिनं रुमाल काढून सरांपुढे धरला. त्यावर गोल डाग पडला होता.

"मी गंमत करत नाहीये, सर. सहा महिने झाले. वरचा सूर लागत नाही मला, आणि पुन्हा लागेल की नाही तेही माहीत नाही. समितीला मीच सांगेन." मग म्हणाली, "बाबाही गंमत करत नव्हते."

सरांचं हसू लगेच गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, मग बऱ्याच वेळानं ओठांवरून. त्यांनी रुमालाकडे पाहिलं, काखेतल्या प्रबंधाकडे पाहिलं आणि कुठे बसावं ते न सुचल्यासारखे पियानोच्या स्टुलावर टेकले.

ठोक्याकाकांनी ब्रश उचलला, ड्रमच्या कडेवर एकदा लांब घासला आणि काचेकडे बघून ओरडले,

"अरे, चहा सांग रे आता."