जुलाब थांबले ती दुपार

आमच्या घराला बोहाड्यात, म्हणजे गावच्या मुखवट्यांच्या उत्सवात, नरसिंहाचं सोंग आहे. हक्काचं. सासऱ्यांच्या आजाने नाचवलं, मग बापाने, मग सासऱ्यांनी. मोखाड्याकडच्या आमच्या गावात लाकडी मुखवटा एकदा डोक्याला आवळून बांधला की फेरी पुरी होईपर्यंत सोडायचा नाही. सोडला तर देव कोपतो म्हणतात. खरं तर माणसं कोपतात, आणि हक्क दुसऱ्या घरात जातो.

माझे सासरे लाडक्याबाबा गुडघेदुखीने घरी बसले आणि हक्क माझ्या नवऱ्याकडे, देवानंदकडे आला. त्याच सुमारास त्याचं पोट बिघडलं. बोहाडा जवळ आला की तो सारखा रानाकडे पळायचा. गावाने ठरवून टाकलं, गडी भेतो. चावडीवर त्याची चेष्टा चालायची आणि सासरे त्या हसण्यात सामील व्हायचे, याचा मला भयंकर संताप यायचा. शौचावाटे रक्त पडतं हे देवानंदने लाजत लाजत फक्त मला सांगितलं होतं. भीतीने रक्त पडत नाही, एवढं कळायला मी जव्हारच्या आश्रमशाळेत शिकवत असण्याचीही गरज नव्हती.

नाशिकला नेऊन दुर्बिणीने तपासलं. मोठ्या आतड्याला सूज होती, आतून जखमा होत्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं मी घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. मनाशी ज्याचा संबंध जोडतात ते सेरोटोनिन नावाचं रसायन बहुतेक सगळं आतड्यातच तयार होतं, आणि आतड्याची हालचाल बरीचशी त्याच्यावर चालते. ते किती व्हायचं यात तिथल्या जिवाणूंचाही हात असतो. जिवाणूंची घडी विस्कटली, आतडं सुजलं, की या रसायनाचंही ताळतंत्र सुटतं, आणि त्याने सूज आणखी भडकू शकते. सुरुवात नेमकी कशाने होते हे डॉक्टरांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही. भीतीने पोट ढवळतं हे खरं, पण ही जखम भीतीची नव्हे.

"आणि दर वेळी दुकानातून जंतू मारायच्या गोळ्या आणून खाल्ल्या," मी म्हणाले. "आंबिलीच्या मडक्यात कढत पाणी ओतल्यासारखं झालं ते. पुढची आंबील आंबणार कशी?"

मडक्याचं त्यांना पटलं. भीतीचं काही पटलं नाही.

औषधांनी देवानंद सावरला, अंगाने भरला. यंदा मात्र बोहाडा जवळ आल्यावर तो पुन्हा रानाकडे जाऊ लागला. विचारलं की म्हणायचा, ठीक आहे. सोंग घेणाऱ्याने आधी उपास धरायचा असतो, त्यामुळे तो जेवत नव्हता याचं कुणाला काही वाटलं नाही.

बोहाड्याच्या दुपारी सासरे ओटीवर मुखवट्याच्या जिभेला लाल रंगाचा शेवटचा हात देत होते. देवानंद दारात टेकून बसला होता आणि हसत होता. सकाळपासून एकदाही जावं लागलं नाही, म्हणाला. सासऱ्यांचा चेहरा फुलला. बघ, भीती गेली, असं त्यांनी मलाच ऐकवलं.

मी देवानंदकडे नीट पाहिलं. ओठ सुकलेले, कपाळावर घाम. हात धरला तर चटका बसला. सदरा वर करून पोटाला हात लावला, ते संबळाच्या कातड्यासारखं ताणलेलं होतं. बाईंनी बजावलं होतं, की जुलाब अडवायच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, आणि पोट फुगून ताप आला तर घरी थांबायचं नाही, आतडं फाटू शकतं.

काय खाल्लंत, असं विचारल्यावर त्याने मान फिरवली. उपासात बाहेरचं काही नको म्हणून नाशिकच्या गोळ्या त्याने केव्हाच सोडल्या होत्या. आणि मुखवट्यात अब्रू जायला नको म्हणून सकाळपासून जुलाब बंद करायच्या गोळ्या घेतल्या होत्या, एकीवर एक.

मी जीप बोलावली. देवानंद उठेना. एक फेरी होऊ दे, मग नरकात ने, म्हणाला. तेवढ्यात ढोलकरी आल्याचं सांगायला शेजारचा गौतम आला आणि पायरीवरच थबकला. आमच्यानंतर हक्क त्याच्या घराचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. सासऱ्यांनी मुखवटा मांडीवर घट्ट धरला. मला तो हिसकावून चुलीत घालावासा वाटला.

"बाबा, एकदा हात लावून बघा," मी म्हणाले. "मग नाचवा त्याला."

सासरे सरकत जवळ आले. रंगाने लाल झालेला हात त्यांनी मुलाच्या पोटावर ठेवला. देवानंद कळवळला. त्यांनी हात उचलला नाही. मग गौतमला हाक मारली आणि मुखवटा त्याच्या हातात दिला.

"तू नाचव," म्हणाले.

"बाबा, मी भेत नाय," देवानंद म्हणाला आणि रडायला लागला.

घाटातल्या प्रत्येक खड्ड्याला तो विव्हळत होता आणि प्रत्येक खड्ड्याला मला वाटत होतं, आता फाटलं. सासरे मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. नाशिकला बाईंनी पोटाचा फोटो काढून घेतला, शस्त्रक्रियेची तयारी करून ठेवली आणि सुया लावल्या. आणखी उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं, म्हणाल्या. सकाळपर्यंत ताप उतरला, पोट जरा सैल झालं. आतडं तूर्त वाचलं होतं.

सासऱ्यांनी बाईंना एकच विचारलं, "माझा पोऱ्या भेत नव्हता ना?"

बाई म्हणाल्या, भीतीने असं होत नाही. असं पोट घेऊन हा नाचायला उभा राहत होता, तो भित्रा कसा?

सासरे भिंतीला धरून धरून खाटेपाशी गेले. देवानंद जागा होता. सोंगाचं काय झालं, त्याने विचारलं.

"गौतमनं नाचवला. हक्क गेला." सासरे थांबले. "जाऊं दे. तू भेत नव्हतास. मी हासत होतो तुला."

देवानंदने तोंड भिंतीकडे फिरवलं. सासऱ्यांनी पुन्हा हात त्याच्या पोटावर ठेवला. नखांतला लाल रंग अजून निघाला नव्हता. बाईंनी बाहेर बसायला सांगितलं तरी ते हलले नाहीत.