अळंब्यांची जागा

गवारेसच्या डोंगरातली माणसं एकमेकांना घराची किल्ली देतात, गाडी देतात, वेळ पडली तर किडनीही देतील. अळंब्यांची जागा मात्र देत नाहीत. शरदातला पाऊस पडून गेला की पाइनच्या झाडांखाली केशरी टोप्या वर येतात, आणि त्या नेमक्या कुठे येतात हे सख्ख्या नवऱ्यानेही बायकोला विचारायचं नसतं. विचारलंच तर "रानात" एवढंच उत्तर मिळतं. बाप शेवटच्या घटकेला जागा लेकराच्या कानात सांगतो, आणि तीही एकाच लेकराच्या.

असं असताना रेमेईने त्या शनिवारी जो घोळ घातला, त्याला माफी नाही. पन्नाशी उलटलेली, औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून देणारी, एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपली जाड टायरांची खडीवरची सायकल घेऊन ती एकटीच रानात गेली, पिशवी भरून आणली आणि स्वयंपाकघरात बसून एकेक अळंबं फडक्याने पुसू लागली. तेवढ्यात फोन टिणटिणायला लागला. हँडलवरचं यंत्र बंद करायला ती विसरली होती. हे यंत्र सायकल जिथे जाईल तिथली रेघ नकाशावर काढतं आणि घरी पोचल्याबरोबर, कुणी न सांगता, तिच्या सायकल क्लबातल्या सगळ्यांना दाखवतं. डोंगरावरून आलेली सुरेख रेघ ओढ्याच्या वरच्या अंगाला थांबली होती, आणि तिथे कोंबडीने उकिरडा उकरावा तशी पाऊण तास गिरवली होती.

"रेमेई, तिथे काही हरवलं होतं का?" क्लबाचा म्होरक्या फेर्रिओल याने लिहिलं होतं.

"पंक्चर झालं होतं का गं?" दातांची डॉक्टर कितेरिया विचारत होती. "बरंच मोठं दिसतंय पंक्चर."

तिच्या धाकट्या भावाने, एउदाल्दने, काहीच लिहिलं नव्हतं. नुसता अंगठा दाखवला होता. रेमेईने रेघ पुसून टाकली, पण बैल गेला आणि झोपा केला.

तो अंगठा तिला सगळ्यात जास्त बोचला. तीन वर्षांपूर्वी बाबा दवाखान्यात होते. त्यांनी एउदाल्दला गाडी हलवायला खाली पाठवलं आणि तिला जवळ बोलावून जागा सांगितली. वर म्हणाले, "एउदाल्दला सांगू नकोस. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही." एउदाल्द परत आला, त्याने दोघांचे चेहरे पाहिले आणि काय ते समजला. तेव्हापासून दर शरदात ती त्याच्याकडे टोपलीभर अळंबी घेऊन जायची. तो लसूण घालून परतायचा, ताट चाटूनपुसून खायचा आणि विचारायचा, "कुठली गं ताई?" ती म्हणायची, "रानातली." दोघंही हसायचे. ती मात्र लगेच ताटं उचलायला उठायची. पाठच्या भावापासून लपवायचं म्हणजे काय सोपं असतं?

रविवारी सकाळी चौकात क्लब जमला. क्लबाचं नाव गोगलगायी, आणि ते वेगावरूनच पडलेलं. आज एकजात सगळ्यांच्या हँडलला टोपली बांधलेली होती.

"टोपली कशाला रे?" रेमेईने विचारलं.

"पाव आणायला," फेर्रिओल म्हणाला.

"पाववाला तर इथे समोरच आहे."

"मग अंडी."

"खडीच्या रस्त्यावरून अंडी?"

"उकडलेली," असं म्हणून त्याने सायकलवर टांग टाकली. "आज जरा वेगळ्या वाटेने जाऊ या. ओढ्याच्या बाजूने. आपलं सहज."

"सहज!" कितेरियाने री ओढली. बाकीचे आभाळाकडे बघू लागले. अळंबी हा शब्द कुणी चुकूनही काढला नाही; शेवटी रीतभात म्हणून काही असते.

रेमेईने मनाशी ठरवलं, ही सगळी वरात जागेकडे वळणाऱ्या फाट्यावरून अशी उधळत न्यायची की कुणाला ब्रेक दाबायची शुद्ध राहता कामा नये. दारो नदीच्या काठाने ती पुढे निघाली. ऊन कोवळं होतं, वाट मोकळी होती, बाटल्यांच्या बुचांसाठी सालं सोलून घेतल्यामुळे ओकची झाडं लालेलाल पायांवर उभी होती. चढावर तिने सगळ्यांना एवढं दमवलं की मागून शिव्या ऐकू येऊ लागल्या. खिंडीवर पोचताच खाली सगळा सपाट मुलूख आणि पलीकडे समुद्राची पट्टी उघडी पडली. कुणी "थांबा, फोटो!" म्हणालं. रेमेई थांबली नाही. तिने उतारावर सायकल सोडून दिली.

मग जे झालं त्याला सायकल चालवणं म्हणणं कठीण आहे. खडी चाकांखालून लाह्यांसारखी उडत होती. वारा कानात शिरून डोकं रिकामं करत होता. मागे कितेरिया देवाच्या आईचा धावा करत होती आणि मध्येच खिदळत होती. ओढा आला, रेमेई पाण्यातून तशीच गेली, गुडघ्यापर्यंत भिजली आणि मोठ्याने ओरडली. इतकी मजा तिला कित्येक वर्षांत आली नव्हती. फाटा आला आणि गेला. एकाचं लक्ष नव्हतं. दुसऱ्याचं नव्हतं. मागून फेर्रिओलचा ब्रेक किंचाळला.

सगळे एकमेकांवर आदळत थांबले. फेर्रिओलने खिशातून फोन काढला. पुसून टाकलेल्या रेघेचा फोटो त्याच्याकडे होता.

"रेमेई," तो धापा टाकत म्हणाला, "काल तू दमलीस ती इथेच ना, डाव्या हाताला?"

रेमेईचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात एउदाल्द पुढे आला.

"अरे गाढवांनो, या घळीत यंत्र आंधळं होतं. पलीकडची रेघ अलीकडे काढतं," तो म्हणाला. "ती जागा इकडे नाहीच. समोरच्या अंगाला आहे. तीन वर्षं माग काढतोय मी. बहीण माझी आहे, का तुमची? चला!"

आणि तो ओढ्यापलीकडच्या चढाला लागलासुद्धा. टोपल्या खडखडत त्याच्या मागे गेल्या. रेमेईही गेली. तिला काही कळेना. पलीकडे काय असणार, दगड?

पलीकडे पाइनची राई होती, राईत शेवाळ होतं, आणि शेवाळात पाय ठेवायला जागा नव्हती इतकी केशरी अळंबी उभी होती. सगळ्या गोगलगायी सायकली टाकून गुडघ्यांवर आल्या. फेर्रिओलच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

एउदाल्द तिच्याजवळ येऊन पुटपुटला, "ताई, अशी बघत काय उभी राहिलीस? रड."

"मेल्या!" रेमेई ओरडली. "चोरा! बाबांची जागा चव्हाट्यावर मांडलीस! तुझ्या जिभेला हाड आहे का?" ओरडता ओरडता तिने त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता, पण त्याची हनुवटी थरथरत होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपण नाटकात जे बोलतोय ते अक्षरशः खरं आहे.

नंतर खाणावळीत भाजलेल्या सॉसेजचा, पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचा आणि वाइनचा नाश्ता झाला. जो तो रेमेईचं सांत्वन करत होता. फेर्रिओलने दयाळूपणे आपल्यातली तीन अळंबी तिच्या पिशवीत घातली. डावीकडच्या जागेचं नाव कुणी काढलं नाही. भरल्या टोपलीला शंका येत नसते.

परतताना भाऊबहीण मागे राहिले.

"तुला कधी सांगितली बाबांनी?" तिने विचारलं.

"लष्करातून सुटून आलो तेव्हा. म्हणाले, ताईला सांगू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही."

रेमेईने सायकल थांबवली. "आणि तीन वर्षं माझ्याकडून टोपल्या खाल्ल्यास?"

"तू आणून देत होतीस! नको कशाला म्हणू?"

"मी इथे जळत होते रे, लबाडा!"

"मी पण. मला वाटायचं बाबांनी विश्वास टाकला तो माझ्यावरच. त्या दिवशी दवाखान्यात कळलं, म्हाताऱ्याकडे दोन जागा होत्या."

ती हसायला लागली. हसता हसता तिला सायकल धरवेना. मग एकदम तिचं हसू थांबलं. "तुझी जागा गेली की रे, एउदाल्द."

"गेली," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी तिथे जत्रा भरेल. रिकामं रान दाखवलं असतं तर ते परत तुझ्याकडेच आले असते. पोट भरल्याशिवाय ही माणसं गप्प बसत नाहीत." तो खांदे उडवून चेन बघू लागला. चेनीला काही झालं नव्हतं.

फाटा आला. रेमेई आपल्या जागेच्या वाटेला वळली.

"ताई, कुठे?"

"माझ्या चाकामागे राहा आणि तोंड बंद ठेव."

"जिवंतपणी सांगायची नसते. बाबांना काय वाटेल?"

"बाबांनी दोघांनाही फसवलंय. त्यांना काहीही वाटू दे."

जागा एवढीशी होती, अंगणाएवढी. एउदाल्द कडेलाच उभा राहिला, आत पाऊल टाकायला धजेना. तिने त्याचा हात धरून खाली बसवलं आणि एक पान बाजूला सारायला लावलं. पानाखाली कालचं सुटलेलं एक इवलंसं अळंबं होतं. त्याने ते पाहिलं आणि पोरासारखी आरोळी ठोकली. रेमेईने घाईघाईने त्याच्या तोंडावर हात दाबला, आणि तिच्या तळव्याखाली तो इतका हसू लागला की तिलाही आवरेना. खाली वळणावळणाच्या वाटेने पुढे गेलेल्यांच्या टोपल्या अजून खडखडत होत्या. दोघं बहीणभाऊ पानांत आडवे पडून, एकमेकांची तोंडं दाबून, त्या पार लांब जाईपर्यंत हसत राहिले.