वीतभर बाहेरचं दुखणं

माणसाचं दुखणं हे सर्वस्वी त्याचं स्वतःचं असतं. ते त्याच्याच देहात उपजतं, तिथेच मुरतं आणि त्यात दुसऱ्या कुणालाही वाटा घेता येत नाही. क्रेनवाल्याचं दुखणं मात्र त्याच्या डाव्या खांद्यापासून वीतभर बाहेर होतं.

खांदा ठणठणीत होता. मान फिरत होती, पाठ वाकत होती. ठणकत होती ती खांद्याशेजारची हवा.

सव्वीस वर्षं तो बंदराच्या धक्क्यावर, उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसून, दोन गुडघ्यांच्या मधून खाली बघत जहाजांतले कंटेनर उचलत आला होता. केबिन एका माणसापुरती. त्यामुळे कामावर असताना त्याचं दुखणं काचेच्या पलीकडे, दहा मजल्यांच्या उंचीवर, उघड्या वाऱ्यात दुखायचं. थंडीत जास्त.

एरवी त्याने ते चालवून घेतलं असतं. पण पन्नाशी उलटली की कंपनीच्या डॉक्टरांची मोठी तपासणी असते, आणि तीत पाठीचं काही निघालं तर माणसाला खाली उतरवून फाटकावरच्या खोलीत गाड्यांचे नंबर लिहायला बसवतात, याबद्दल कँटीनमध्ये एकमत होतं. क्रेनवाल्याला जमिनीवर नोकरी करायची नव्हती. वरून दिसणारी माणसं त्याला बरी वाटत. समोर आली की ती फार बोलत.

तपासणीला आठ आठवडे होते. कंपनीच्या योजनेत तीन उपचार बसत होते: फिजिओथेरपी, कायरोप्रॅक्टिक आणि ऑस्टिओपॅथी. तिघांकडे एकेकदा दाखवायचं, मग अर्जावर एका चौकटीत खूण करायची. केलेली खूण पुन्हा बदलता येत नाही, असं अर्जावर दोनदा छापलं होतं.

“फिजिओच बरा,” बायको म्हणाली. “व्यायाम करून घेतात. तुम्हाला कुणीतरी हलवायलाच हवंय.”

“व्यायामाने काय होतंय, ताई,” मेहुणा म्हणाला. “कायरोवाला कसा, मणका धरला की कट्. माझी मान दोन मिनिटांत सरळ केली त्याने.”

“हो, मान झाली. बाकीचं राहिलं.”

“आणि ती तिसरी?” क्रेनवाल्याने विचारलं.

“ऑस्टिओपाथ. ती म्हणे नुसता हात ठेवते, सांधे-स्नायू हळूहळू सैल करते,” मेहुणा म्हणाला. “नुसता हात ठेवायला कॉलेजात जावं लागतं, हे मला नवीन आहे, भावोजी.” असं म्हणत तो सोफ्यावर क्रेनवाल्याच्या डाव्या बाजूला टेकला, आणि लगेच उठला. “इथे काही सांडलंय का?”

“तिथे नको बसूस,” बायको म्हणाली. “यांचं दुखतंय तिथे.” रंग ओला आहे हे सांगावं इतक्याच सहज तिने सांगितलं. ती स्वतः महिनाभर पलीकडच्या खुर्चीत बसत होती.

फिजिओथेरपिस्ट तरुण होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं तसंच. तिने कागद पुढे केला. त्यावर माणसाची आकृती होती, एकदा पुढून आणि एकदा मागून. दुखतं तिथे फुली मारायची. क्रेनवाल्याने विचार करून कोऱ्या भागात फुली मारली.

“काका, बाहेर पडली फुली.”

“बाहेरच आहे ती.”

तिने दुसरा कागद दिला. त्यावरही फुली तिथेच पडली. मग तिने त्याचा हात वर-खाली करून कोन मोजले, ते पुस्तकातल्यासारखे निघाले. “इथे का?” म्हणून तिने सहज हवेत हात नेला, आणि काढून घेतला. मनगट चोळत ती म्हणाली, “रोज तीनदा, दहा-दहा वेळा.” हे कुणी करायचं, ते तिने नीट सांगितलं नाही. दोन दिवसांनी तो व्यायामाचा तक्ता आणायला गेला तर काउंटरवरची बाई म्हणाली, “मॅडम रजेवर आहेत. मनगट धरलंय.”

कायरोप्रॅक्टर आडदांड होता. भिंतीवर त्याची पाच प्रमाणपत्रं होती आणि सहाव्यासाठी खिळा मारून ठेवला होता. त्याने क्रेनवाल्याला पालथं घातलं, कुशीवर घेतलं, मान धरून झटका दिला. काही वाजलं नाही.

“अंग मोकळं आहे तुमचं. मग दुखतं कुठे?”

क्रेनवाल्याने बोट दाखवलं. कायरोप्रॅक्टर हसला. गिऱ्हाइकाचं मन राखावं म्हणून त्याने दोन्ही तळवे हवेत ठेवले आणि सवयीने खाली दाबले.

कट्.

आवाज स्वच्छ होता. बाहेर काउंटरवर टाइप करणारी बोटं थांबली. कायरोप्रॅक्टरने तळवे उलटेसुलटे करून पाहिले, बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि खालच्या आवाजात म्हणाला, “आठवड्यातून तीनदा यावं लागेल.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “पण माझा आग्रह नाही.”

ऑस्टिओपाथ वयस्कर बाई होत्या. खोलीत एक टेबल, एक खिडकी, घडी घातलेल्या चादरी. त्यांनी त्याला टेबलाच्या उजव्या कडेला सरकून झोपायला सांगितलं. का, ते त्याने विचारलं नाही. डावीकडच्या मोकळ्या जागेवर हात ठेवून त्या पाऊण तास डोळे मिटून बसल्या. क्रेनवाल्याच्या अंगाला त्यांनी बोटही लावलं नाही.

“जुनं आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “एकटं राहून राहून आखडलंय.”

“मी?”

“तुम्ही बरे आहात.”

त्यांनी एक चादर झटकून त्या रिकाम्या जागेवर पांघरली. चादर टेबलापर्यंत पोहोचली नाही. मधेच, चार बोटं वर, थांबली. खिडकी बंद होती. क्रेनवाला उजव्या कडेने जपून खाली उतरला.

“कुठल्या चौकटीत खूण करू?” जाताना त्याने विचारलं.

“मला काय विचारता? त्याला विचारा.”

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तो अर्ज घेऊन बसला. व्यायामाचं त्याला पटत होतं. बायकोचंही ऐकल्यासारखं झालं असतं. त्याने पेन पहिल्या चौकटीवर नेलं. शेजारची हवा ठणकायला लागली. दुसऱ्या चौकटीवर नेलं तर अशी कळ आली की त्याला टेबलाची कड धरावी लागली. तिसऱ्या चौकटीवर पेन आलं आणि सगळं शांत झालं. कुणीतरी बराच वेळ धरलेला श्वास सोडावा तसं. तो आवाज त्याला डाव्या कानात ऐकू आला.

त्याने खूण केली.

“ठरवलंत का?” बायकोने आतून विचारलं.

“ठरलं.”

“ठरलं म्हणजे? कुणी ठरवलं?”

तो अर्जाची घडी घालत राहिला.

दुसऱ्या आठवड्यात वीतभराचं अंतर हातभर झालं. चौथ्या आठवड्यात दुखणं जेवताना समोरच्या खुर्चीत असे. बायको तिथे ताट मांडत नसे. सहाव्या आठवड्यात तो बाईंकडून घरी आला, लिफ्टमध्ये शिरला आणि त्याच्या लक्षात आलं की आज लिफ्टमध्ये तो एकटा आहे. ठणका कमी झाला नव्हता. तो चार रस्ते पलीकडे होता, बाईंच्या टेबलावर, चादरीखाली. क्रेनवाल्याला तो इथून जाणवत होता, शेजारच्या घरात चालू राहिलेल्या रेडिओसारखा.

बायको पुन्हा सोफ्यावर त्याच्या डावीकडे बसायला लागली. “बरं वाटतंय ना आता?”

“बरं आहे,” तो म्हणाला. त्याला थोडं उघडं पडल्यासारखं वाटत होतं, पण ते कुठल्या चौकटीत बसण्यासारखं नव्हतं.

बाईंना त्याने फोन केला. “ते तिथेच राहू दे का?”

“राहू दे. मला अडचण नाही. येत जा मात्र अधूनमधून. ओळख सुटली की बिथरतात.”

तपासणीच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीच्या डॉक्टरांपुढे बसला. डॉक्टरांनी त्याच्याकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली, कानांवर यंत्र चढवून बारीक आवाज ऐकवले, दंडाला पट्टा बांधला, बोटातून रक्ताचा थेंब घेतला.

“काही तक्रार?”

त्याच क्षणी, चार रस्ते पलीकडे, त्या टेबलावर कुणीतरी बसलं असावं. कळ इतकी लख्ख आली की त्याने खुर्चीचे हात धरले. सव्वीस वर्षांची केबिन त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि फाटकावरची खोलीही.

“शरीरात नाही,” तो म्हणाला. हे खरं होतं.

डॉक्टरांनी ‘नाही’ असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. तो हलेना.

“आणि पाठ?” त्याने विचारलं.

“पाठीचं काय?”

“ती नाही बघत तुम्ही?”

डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. त्यावर डोळे होते, कान होते, रक्तदाब होता आणि साखर होती. पाठीचा रकाना त्या कागदावर नव्हता.