चपला राखायला कोण?

समुद्रावर गेल्यावर कोणी काय करायचं, हे दीनानं समुद्र बघायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. बाबांनी पुण्याला आणि कोल्हापूरला एस.टी. बदलताना सामान मोजायचं. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायची. यशयामामानं दीनाला पाण्याखाली न्यायचं. दीनानं पाण्याखाली जायचं. आणि बनुआत्यानं वाळूत बसून सगळ्यांच्या चपला राखायच्या.

"आन् म्या तिथं बघायचं काय गं?" आत्यानं विचारलं.

"चपला."

"त्या तर म्या हितं बी बघती."

"आत्या, तुला पोहता येत नाही. तू करणार काय दुसरं?"

आत्या हसली आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. तिचा राग असाच असायचा, तांदळातल्या खड्यासारखा. हळूच बाजूला काढून ठेवायची.

हे सगळं सुरू झालं ते यशयामामा आला त्या दिवसापासून. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आधी नौदलात पाणबुड्या होता. आता रत्नागिरीकडच्या एका बंदरात, बुडालेले पडाव, म्हणजे मालाच्या होड्या, वर काढणाऱ्या कंपनीत होता. पाठीवर हवेची टाकी बांधायची, तिची नळी तोंडात धरायची आणि माशासारखं खाली उतरायचं, हेच त्याचं काम. राहात्याच्या स्टँडवर उतरला तेव्हा त्याच्या पिशवीत पेढ्यांच्या पुड्याबरोबर एक मोठा रबरी चष्मा होता, नाकासकट अर्धं तोंड झाकणारा, आणि एक वाकडी नळी होती.

"नाताळची उपासना झाली की दुसऱ्या दिवशी निघा," मामा म्हणाला. "माझ्या खोलीपासून पुळण अगदी जवळ आहे. नुसती वाळूच वाळू. तिथं पाणी माणूसभर खोल, त्या दिवसांत संथ आणि नितळ. मालकांनी रविवारी टाकी वापरायला हो म्हटलंय. नवख्या माणसालाही हात धरून खाली फिरवून आणतो मी. पोहता आलंच पाहिजे असं नाही. फक्त शांत राहता आलं पाहिजे."

'शांत' म्हणताच सगळं घर दीनाकडे बघायला लागलं.

"मी राहू शकते शांत!" दीना ओरडली.

पण दीनाला खाली जायचं होतं ते काही नुसतं मिरवायला नाही. (थोडं मिरवायलाही होतं. नववीच्या अख्ख्या वर्गाला सांगून झालं होतं.) खरी गोष्ट अशी, की गेल्या साली दुष्काळात मिशनच्या आवारातली त्यांची विहीर पार आटली होती. तेव्हा सगळ्यांबरोबर दीनानंही वाकून तळ बघितला होता. भेगाळलेला गाळ, एक गंजकी बादली, कुणाची तरी फुटकी घागर. केवढी भीती वाटली होती तिला तेव्हा! जमिनीनं तोंड उघडलंय आणि आत जीभच नाही, असं काहीतरी. यंदा पाऊस झाला, विहीर वरच्या पायऱ्यांपर्यंत भरली, आणि याच पावसाळ्यात दीना पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकली. मग डबा सुटला, मग ती काठावरून उड्या मारायला लागली आणि मग तिला कशाचंच भय वाटेना, अगदी वक्तृत्वस्पर्धेचंही. आता तिला एकदा तळ बघायचा होता, पण पाण्यासकट.

आईला मात्र हे पटेना.

"खाली नेऊन बसवायची पोरीला? आपल्या बापजाद्यांनी समुद्र नकाशात बघितला फक्त."

"बापजाद्यांनी नकाशा तरी कुठं बघितला, ताई?" मामा म्हणाला.

शेवटी आईनं अट घातली. "उद्या माझ्या डोळ्यांसमोर आपल्या विहिरीत करून दाखव. यशया म्हणेल जमलं, तर समुद्र. नाही जमलं, तर सगळ्यांनी घरी बसून करंज्या तळायच्या. परवा सकाळच्या गाडीनं यशया जाणार, म्हणजे काय ते उद्याच."

"उद्या कशाला, आत्ता दाखवते!" दीना म्हणाली. मामा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर ही गर्दी. म्हणजे घरचे चौघे, मामा, आणि धुणं घेऊन आलेली शेजारची छबूबाई. पण छबूबाई एकटीच दहा जणांइतकं बोलायची.

"मास्तर, लेकीला मासा करताय व्हय?"

बाबा पुढच्याच शाळेत मास्तर होते. ते म्हणाले, "प्रयोग आहे, छबूबाई."

"मंग मीठ-मसाला आनू का?"

बाबांची जुनी हाफ पॅन्ट आणि शर्ट घालून दीना आली, आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं काठावरून धप्पकन उडी मारली. सगळ्यांच्या अंगावर पाणी. मग पोहत पायऱ्यांपाशी येऊन, छातीभर पाण्यातल्या पायरीवर ऐटीत बसली. मामानं तिला चष्मा चढवला, नळी तोंडात दिली. "आता फक्त तोंड पाण्यात घाल. नळीचं टोक वर राहील. तोंडानं श्वास घे, तोंडानं सोड. मी पाठीवर थाप मारेपर्यंत. बास, एवढंच."

एवढंच! दीनानं छाती भरून घेतली आणि तोंड पाण्यात घातलं.

मामानं नळीच्या टोकाला कान लावला. काही नाही. थोडा वेळ थांबला. तरी काही नाही.

"दीना, श्वास घे."

दीना बुडबुड न करता तशीच. मग एकदम उसळून वर आली, तोंड लालभडक, धापा टाकत. "किती वेळ राहिले बघितलंत?"

"राहिलीस, पण श्वास धरून राहिलीस," मामा म्हणाला. "तेच नकोय."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. पाणी गालाला लागलं की छाती आपोआप भरायची आणि घसा कुलूप लावल्यासारखा बंद व्हायचा. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा... मामानं पाठीवरून हात फिरवून बघितलं, बाबांनी काठावरून "सोड, सोड, श्वास सोड!" असं सांगून बघितलं. गंमत अशी की तिला पोहायला शिकवताना त्याच जागी उभे राहून बाबाच ओरडायचे, "छाती भर! तोंड मीट! दम धर आणि मार उडी!" त्या गावात काय, त्या तालुक्यात विहिरीत पडलेलं प्रत्येक पोर हेच ऐकत शिकलं होतं. आता ते अंगातून निघेना.

मामा तिच्या शेजारी पायरीवर बसला. "हे बघ, पाण्याखाली श्वास कोंडून माणूस वर यायला लागला, की वर येता येता आतली हवा फुगत जाते. छाती फुटायची वेळ येते. म्हणून आमचा पहिला नेम आहे, श्वास कधीच थांबवायचा नाही. बाकी सगळं चुकलं तरी मी सांभाळून घेईन. हे चुकलं तर मी काही करू शकत नाही." मग हळू आवाजात म्हणाला, "मी तुला नाही नेणार, दीना. रागावू नकोस."

"झालं," आई उठली. पण तिच्या आवाजात जिंकल्याचा काही आनंद नव्हता.

दीना पेरूच्या झाडाखाली जाऊन बसली. जेवायला आली नाही. वर्गाला काय सांगायचं हा विचार आधी आला, आणि मग तोही मागे पडला. नुसतं एवढंच वाटत राहिलं, की जे तिला सगळ्यांत छान यायचं, त्यानंच तिचा घात केला होता. अजिबात पोहता येत नसतं तर बरं झालं असतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा विहिरीकडून छबूबाईचं हसू ऐकू आलं. हसू कसलं, खिंकाळणंच.

"अगं बया! अक्का बेंडूक झाली!"

दीना धावत गेली. बघते तर बनुआत्या! नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून कंबरभर पाण्यात बसलेली, डोळ्यांवर तो चष्मा, तोंडात नळी, आणि तोंड पाण्यात घातलेलं. नळीतून आवाज येत होता, 'हूऽऽ... फूऽऽ... हूऽऽ... फूऽऽ.' जातं फिरावं तसा संथ. आणि मामा नळीला कान लावून, डोळे मिटून, एखादं भजन ऐकत असल्यासारखा बसला होता.

आत्यानं तोंड वर काढलं. चष्म्यामागचे डोळे केवढे झालेले! "दीने! खालच्या पायरीवर बारीक मासळ्या हायेत गं! लई! माझी बोटं हुंगत्यात!"

दीना पायऱ्या उतरून पुढे आली. "तुला तर पोहतासुद्धा येत नाही!"

"न्हाई येत."

"मग कसं जमलं?"

"मला काय ठावं? ह्यानं सांगितलं श्वास घे, म्या घेतला. पान्यात दम धरायचा आस्तोय हे मला कुनी शिकवलंच न्हाई."

दीनाला एकदम रडूच फुटलं. मोठ्यानं, नाक ओढत. छबूबाई हसायची थांबली आणि पिळायला घेतलेलं धुणं उगाच पुन्हा खळबळायला लागली. आत्यानं चष्मा काढला. ओल्या हातानं दीनाला ओढून शेजारी बसवलं.

"सकाळपासनं बघती म्या तुला. पान्यात गेलीस की तू गप व्हतीस."

"मामानंच सांगितलं शांत राहा!"

"शांत सांगितलं, मुकी हो न्हाई सांगितलं. आगं, तुला जमिनीवर कधी कुनी गप बसलेलं बघितलंय का? झोपीत बी बडबडतीस. मंग पान्यात कशापायी गप बसतीस? तू गप बसलीस की तुझा दम कोंडतोय, बाई. बोल की तिथं बी."

दीनानं नाक पुसलं. मामाकडे बघितलं. मामाच्या भुवया वर गेल्या होत्या.

"नळी तोंडात असताना शब्द नाही फुटायचे," तो सावकाश म्हणाला. "पण गुणगुणता येईल. आणि गुणगुणणाऱ्या माणसाला श्वास धरताच येत नाही. अक्का, हे आमच्या उस्तादानंही कधी असं सांगितलं नव्हतं."

"काय गुणगुणू?" दीना म्हणाली.

"जे तोंडातनं आपोआप येतंय ते."

आपोआप! मास्तरांच्या घरी जन्मलेल्या मुलीच्या तोंडून आपोआप काय येणार? रोज दिवेलागणीला जे म्हटल्याशिवाय ताट मिळायचं नाही, तेच.

आत्यानं आईला हाक मारली, "मनकर्णेऽऽ! ये गं बाहीर! पोर पुन्यांदा करतीया!" आई पिठाचे हात घेऊन आली, बाबा आले. आत्या दीनाचा हात हातात घेऊन शेजारी बसली. दीनानं चष्मा चढवला, नळी दातांत धरली, तोंड पाण्यात घातलं. छाती सवयीनं भरली. घसा मिटायला लागला, आणि तेवढ्यात तिनं सुरू केलं.

एकोणतीस एके एकोणतीस.

नळीतून वर आलं ते 'बूंऽबुबूं बूंबूं बूंऽबुबूं' असं काहीतरी. ओळ संपली की पोकळ 'हूऽप' असा श्वास. मग पुन्हा 'बूंऽबुबूं.'

छबूबाई म्हणाली, "आगागा, पिपाणी वाजतीया जनू!"

बाबा कान टवकारून ऐकत होते. मग त्यांचा चेहरा उजळला. "पाढा म्हणतेय! एकोणतिसाचा! चाल बघा ना!"

खाली दीनाला हे काही ऐकू येत नव्हतं. तिला फक्त तिचाच आवाज येत होता, डोक्यात घुमणारा, मोठ्ठा. आणि समोर, हिरवट उजेडात, पायऱ्या खाली खाली जात होत्या. प्रत्येक पायरीला शेवाळाची मऊ झालर. बारीक मासळ्या खरंच आल्या, आत्याची बोटं सोडून तिची बोटं हुंगायला. त्याच्या खाली पाणी गडद होत गेलं होतं. तळ दिसत नव्हता. पण गेल्या साली वाटली तशी भीती वाटली नाही. तिथं आत आता पाणी होतं, भरपूर. एकोणतीस साते दोनशे तीन. हूऽप.

मामानं पाठीवर थाप मारली. दीना वर आली नाही. त्यानं पुन्हा मारली. पाण्यातून एक हात वर आला आणि एक बोट हलवून त्यानं सांगितलं, 'थांब.' पाढा दहापर्यंत म्हणायचा असतो. अर्धा सोडलेला बाबांना चालत नाही.

शेवटी ती वर आली तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं श्वास टाकला तो आईनं. इतका वेळ तिनंच तो धरून ठेवला होता.

"यशया?" आईनं विचारलं.

"जमलं, ताई. नाताळपर्यंत मास्तरांनी रोज विहिरीवरच पाढे घ्यायचे, म्हणजे अंगात मुरेल. तिथं टाकी लावून पुन्हा बघेन, घाई करणार नाही." मग तो आत्याकडे वळला. "आणि अक्का, तुम्हीपण."

"म्या? न्हाई बाबा. मला चपला राखायच्यात."

दीनाचे कान गरम झाले. मग ती म्हणाली, "आत्या, तू माझ्या आधी जायचं. आणि मासे दिसले तर तिथूनच मला ओरडून सांगायचं नाही, मला माझे मी बघू दे."

"आन् चपला?"

"चपला मी राखतो," बाबा म्हणाले. "वाळूत बसून वाचीन निवांत. मला शिकवायला आवडतं, भिजायला नाही."

"काष्ट्यावर शिशाचा पट्टा बांधावा लागेल, अक्का," मामा म्हणाला. "नाहीतर तरंगाल."

"बांध की. कमरपट्ट्यावानी मिरवीन!"

छबूबाईनं धुण्याची बादली उचलली आणि जाता जाता विचारलं, "समुद्रात बी पाढंच म्हननार का गं, आं?" पण सगळे आईकडे बघत होते. आईनं पिठाचे हात विहिरीच्या पाण्यात धुतले होते. पदर कमरेला खोचला होता. एक पायरी उतरून ती आता दुसऱ्या पायरीवर उभी होती, आणि तिनं चष्म्यासाठी हात पुढे केला होता.

"मला काही कुठं जायचं नाही हां," ती म्हणाली. "नुसतं बघते, काय एवढं आहे ते."

दीनानं चष्मा तिच्या डोळ्यांवर बसवला, केस बाजूला केले, नळी नीट हातात दिली. "आई, गप राहायचं नाही. सारखं काहीतरी म्हणत राहायचं."

"मला कुठं पाढे येतात? काय म्हणू?"

"मला रोज जे बोलतेस ना," दीना म्हणाली, "तेच म्हण."