दुप्पट वेगाने पाहिलेला चित्रपट

चित्रपट परीक्षण समितीत एक अलिखित रीत होती. कार्टूनपट जेवणानंतर लावायचा, चौघांपैकी एकाने पाहायचा आणि बाकीच्यांनी सह्या करायच्या. पाहणाराही तो दुप्पट वेगाने पाही.

बगळ्याच्या पिल्लाचा चित्रपट आजोबांच्या वाट्याला आला. ते समितीतले सर्वांत जुने सदस्य, सगळे त्यांना आजोबाच म्हणत.

"कसा आहे?" सहकाऱ्याने विचारले.

"बोलणारे पक्षी, पाच गाणी. मला दोन डुलक्या लागल्या."

सगळे हसले. शिक्का उमटला : सर्वांसाठी योग्य.

पुढे तो चित्रपट घरोघरी टीव्हीवर आला. शिक्का पाहून मावशीने सहा वर्षांच्या भाचीला तो लावून दिला आणि ती स्वयंपाकघरात गेली. ही भाची म्हणजे आजोबांची नात. तिची आई चार महिन्यांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेली होती.

दहा दिवसांनी शाळेतून फोन आला. आजोबा धावतच पोहोचले. खेळाच्या सामानाच्या अंधाऱ्या खोलीचं दार अडकलं होतं. नात आत तीन तास होती.

"आम्ही बाहेरून ये-जा करत होतो," बाई म्हणाल्या. "तिनं दार वाजवलं नाही की हाक मारली नाही. विचारलं तर म्हणाली, 'हाक मारली की आई मागे वळते आणि मरते. सिनेमात तसंच झालं. मीपण आईला फोन केला होता, लवकर ये म्हणून.'"

"अहो, पण ते कार्टून आहे!"

"तुमच्यासाठी, आजोबा. तिच्यासाठी तो पुरावा आहे."

"मग काय, बंदी घालायची?"

"बंदी कशाला? गोष्टीत मरण येणारच. पण यात आई मरते, एवढं मोठ्यांना आधी कळायला नको? त्या वेळी शेजारी कुणी बसायला नको? कुणी पाहिला हो हा सिनेमा, शिक्का मारण्याआधी?"

आजोबांची मान खाली गेली. "मी. म्हणजे... नाही पाहिला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो नेहमीच्या वेगाने पाहिला. एकेचाळिसाव्या मिनिटाला पिल्लू हाक मारतं, आई वळते, झाड कोसळतं. अकरा सेकंद. त्यानंतर शेवटपर्यंत पिल्लाला कुणीही सांगत नाही, की तुझी चूक नव्हती!

समितीत त्यांनी मागणी केली : प्रत्येक चित्रपट पूर्ण पाहायचा, आणि मुलांना जड जाईल ते शिक्क्याखाली स्पष्ट लिहायचं.

"कार्टूनसाठी दीड तास?" एकाने कपाळाला आठ्या घातल्या.

"माझी नात तीन तास अंधारात गप्प बसली!"

चौघांनीही सह्या केल्या. नियम बदलला.

आजोबा रोज नातीला जवळ घेऊन सांगतात, "बाळा, तुझी चूक नव्हती." ती मान डोलावते. पण पाणी हवं असलं तरी अजून हाक मारत नाही. येऊन बाही ओढते.

वाचकहो, शिक्का मारणाऱ्याला तुमचं मूल ठाऊक नसतं. त्याच्या मनात कोणती जखम ओली आहे, हे तुम्हालाच माहीत. म्हणून मुलाला पडद्यासमोर बसवाल तेव्हा तुम्हीही शेजारी बसा.