कच्चा टाका

"इतकी वर्षं सांगतोय, डावा खांदा पाडू नका. ऐकतील तर शपथ!" मास्तर पुटपुटले. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे अर्धं बोलणं तिथेच अडलं. पण शेजारच्या स्टुलावर बसलेल्या वहिनींना सगळं ऐकू आलं.

वहिनींचा नवरा आरशासमोर बुजगावण्यासारखा हात पसरून उभा होता. मास्तरांच्या हातचा हा शेवटचा कोट. शनिवारी मास्तर दुकानाला कुलूप लावून आपल्या देशी, पुतण्याकडे निघाले होते. कायमचे.

नवरा वजनमापे खात्यात आहे, असं घरीदारी सांगितलेलं. लग्नानंतर पंधरवडाभर वहिनींनी ते खरंही मानलं. मग एकदा त्याला कांदे आणायला पाठवलं. वाण्याने तराजूला अंगठा लावलेला गृहस्थांना कळला नाही. पण दुकानात कोण कोण होतं, कुणाच्या बुटांना कसला चिखल होता, हे घरी येऊन तोंडपाठ सांगितलं. वहिनी काय ते समजल्या आणि गप्प बसल्या.

वहिनींचा देश शांत. पिढ्यान्‌पिढ्या कुणाशी लढाई नाही. म्हणूनच भांडणाऱ्या सगळ्या देशांचे हेर तिथे येऊन राहायचे. ज्या घरात कटकट नसते, तिथेच गल्लीभरची माणसं गाऱ्हाणी घेऊन येऊन बसतात, तसं. कुणी फुलं विकायचा, कुणी पियानो शिकवायचा. मास्तरांनी गणवेश शिवायचं दुकान थाटलं. एखाद्या अधिकाऱ्याने जाड अस्तराचा कोट शिवायला टाकला, की स्वारी डोंगरावरच्या ठाण्याला निघाली. खांद्यावर नवी पट्टी लावून घेतली, की बढती. फितीने माप घेता घेता मास्तर अख्खं संरक्षण खातं मोजायचे आणि मायदेशी कळवायचे.

त्यांच्यावर नजर ठेवायचं काम वहिनींच्या नवऱ्याकडे आलं. समोरच्या खांबाला टेकून किती उभं राहणार? म्हणून तो गिऱ्हाईक झाला. दुकानात बसून कोण येतं, कोण जातं ते बघायचा. जोडीला गप्पा आल्याच. पण पगारदार माणूस कोट शिवून शिवून किती शिवणार? निमित्त संपलं, की घरी तोंड एवढंसं करून बसायचा. मग तो अंघोळीला गेला, की वहिनी त्याच्या पॅन्टची शिवण गुपचूप उसवून ठेवायच्या.

"अगं, हीसुद्धा गेली बघ!" म्हणत स्वारी खुशीत दुकानाकडे सुटायची.

पुढे मास्तरांचा देश शेजाऱ्यांशी गोडीने वागू लागला आणि मास्तरांना विसरून गेला. नवराही निवृत्त झाला. आता काम म्हणून दुकानात जाता येईना, आणि मित्र म्हणून जायचं ते कुठल्या तोंडाने? घरात नुसता येरझाऱ्या घालायचा. आजही वहिनींनीच त्याला ओढून आणलं होतं.

"तिकडे थंडी फार," नवरा आरशाला म्हणाला.

"माझाच देश आहे. माहीत आहे मला."

"पुतण्या बघेल ना नीट?"

"पाळण्यात असताना पाहिलंय त्याने मला. बघेल की."

"मग इथे राहायला काय धाड भरलीय?" वहिनींनी विचारलं.

मास्तरांनी टाचण्या तोंडातून काढल्या. "राहून करू काय, वहिनी? तुमचे हे रिटायर झाले आणि खांबावर कॅमेरा लागला. त्याला काय कोट शिवू?"

जणू बटणांचा डबाच बोलला, असे तिघेही त्याच्याकडे बघत राहिले.

"बाही... बाही जरा लांब वाटतेय," नवरा घाईघाईने म्हणाला.

"खड्ड्यात गेली ती बाही!" वहिनी उठल्या. "मास्तर, तुम्ही हेर. हे तुमच्यावर पाळत ठेवायचे. आणि यांना इथे यायला मिळावं म्हणून शिवणी मी उसवायचे. झालं! कोसळलं का आभाळ?"

मास्तर फीत गुंडाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "कात्रीने उसवलेली शिवण मला कळत नाही होय, वहिनी? शिवून देताना मी पण एक टाका कच्चा ठेवायचो."

नवऱ्याने आधी बायकोकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"डोळ्यांत तेल घालून गावावर नजर," वहिनी म्हणाल्या, "आणि स्वतःच्या पॅन्टचा पत्ता नाही!"

नवऱ्याचे पसरलेले हात खाली आले. डावा खांदा पुन्हा पडला. मास्तरांनी सवयीने तो उचलायला हात नेला, तर नवऱ्याने तो हातच धरून ठेवला.

"जाऊ नकोस रे," तो म्हणाला.