सोनेरी रांग

"बाई, इकडे या. ती रांग आपली नाही," लिफ्टकाका म्हणाले आणि त्यांनी बाईंच्या हातातली पिशवी काढून घेतली.

बंदरावरच्या त्या लांबलचक दालनात दोन रांगा होत्या. एक मारुतीच्या शेपटासारखी. सामान, पोरंबाळं, वैतागलेले नवरे आणि त्यांच्यावर वैतागलेल्या बायका असं सगळं घेऊन ती दारापर्यंत गेली होती. दुसरी रांग म्हणजे रांगच नव्हती. सोनेरी दोरी, खाली गालिचा, बाजूला चार गुबगुबीत खुर्च्या आणि टेबलामागे हसणारी मुलगी.

बाई त्या दोरीपाशी थबकल्या. "अहो, आपल्याला चालेल का इथून?"

"चालेल म्हणजे काय? आपलीच आहे ही," काका म्हणाले. आवाज रुबाबात निघाला खरा, पण टेबलामागच्या मुलीकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.

काकांचं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं होतं. लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं चालती ठेवायची आणि आपण मात्र खालच्या खड्ड्यात ग्रीस लावत बसायचं, असा तो धंदा. आयुष्यात मानाचं पान त्यांना एकाच ठिकाणी मिळालं, ते म्हणजे क्रूझच्या जहाजावर. पहिल्या बायकोला, म्हणजे काकूंना, समुद्राचं वेड होतं. मूलबाळ नव्हतं, हौस दुसरी नव्हती. दरवर्षी हंगाम संपता संपता, स्वस्तातली, बिनखिडकीची खोली घेऊन दोघं एक सफर करत. जितक्या रात्री जहाजावर काढाल तितक्या वरच्या पायरीवर कंपनी तुम्हाला चढवते. असं करत करत दोघं सोनेरी पायरीपर्यंत पोहोचली. खातं दोघांचं, पण मुख्य सभासद काकू. सोनेरी पायरी म्हणजे चढताना वेगळी रांग, बसायला खुर्ची आणि एका संध्याकाळी जुन्या सभासदांचा समारंभ.

काकू गेल्या त्याला तीन वर्षं झाली होती. आणि खालच्या मजल्यावरच्या शिवणबाईंशी काकांनी कचेरीत सह्या करून लग्न केलं, त्याला जेमतेम वर्ष. दोघांनाही एकटं जेवायचा कंटाळा आला होता, हे कारण त्यांनी एकमेकांना सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. बायको झाल्या तरी काका त्यांना 'बाई' आणि 'तुम्ही'च म्हणत. जिभेला लागलेलं वळण, दुसरं काय.

बाईंचे गुडघे शिलाई मशीनच्या पायडलनं खाल्ले होते. समुद्र त्यांनी किनाऱ्यावरूनच पाहिलेला. लग्नानंतर काकांनी एकच बढाई मारली होती. "तुम्हाला जहाजावर नेतो. रांगेत एक मिनिट उभं राहायला लागलं तर नाव बदलेन."

या वेळी काकांनी मुद्दाम धाकटी कंपनी निवडली. दोन्ही कंपन्या एकाच मालकाच्या. पण थोरलीच्या जहाजांवर काकूंना ओळखणारे खोलीवाले, वाढपी होते. "मॅडम कुठे आहेत?" असं कुणीतरी विचारणार आणि बाईंसमोर उत्तर द्यावं लागणार. धाकटीत कुणी ओळखीचं नाही, आणि थोरलीतली पायरी तिथे जशीच्या तशी चालते. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही, असा काकांचा हिशेब.

पण तिकिटासाठी फोन केला तेव्हा पलीकडची मुलगी म्हणाली, "सोबत पत्नीच ना, नेहमीप्रमाणे?"

"हो, पत्नी." हे खोटं नव्हतं.

"तुम्ही दिलेला त्यांचा पासपोर्ट नंबर नवा दिसतोय. नाव बदललंय का?"

"हो."

"जन्मतारीखही वेगळी येतेय. आधीची चुकली होती का?"

"हो... चुकली होती."

"झालं, दुरुस्त केली," मुलगी आनंदानं म्हणाली. आणि काकूंच्या जागेवर बाई जाऊन बसल्या. काकूंनी आयुष्यभर केलेल्या सगळ्या सफरी बाईंच्या झाल्या.

मुख्य सभासद वारली असं सांगितलं तर पायरी जाईल, बाईंना दिलेला शब्द जाईल, या भीतीनं आपण तसं बोललो, असं काका स्वतःला समजावत राहिले. ते खरंही होतं. पण त्याच्या खाली आणखी एक कारण होतं. 'ती गेली' हे दोन शब्द त्यांना कधी उच्चारावेच लागले नव्हते. इमारतीत सगळ्यांना माहीतच होतं. परक्या मुलीला, फोनवर, जीभ रेटून ते सांगणं त्यांना जमलं नाही.

आता टेबलामागच्या मुलीनं दोघांची कार्डं दिली, "पुन्हा स्वागत आहे" म्हणाली, आणि बाई खुर्चीवर टेकतायत न टेकतायत तोच त्यांना आत सोडलं. बाईंचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता. काकांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

खोलीत गेल्यावर त्यांना कळलं की थोरल्या कंपनीकडून नुसती पायरीच आलेली नाही, काकूंच्या आवडीनिवडीही आल्यात. दाराकडच्या बाजूला काकूंची पातळ उशी ठेवली होती. जाड उशीनं त्यांची मान धरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीवाल्यानं चहाचा ट्रे आणला. काकांच्या कपाशेजारी दूध, बाईंचा कप नुसता काळा.

बाईंनी कपात डोकावून पाहिलं. "बिनदुधाचा?"

"इथे... तशीच पद्धत असेल," काका म्हणाले आणि आपल्या दुधाचं भांडं त्यांनी पुढे सरकवलं.

"राहू द्या. एखादा दिवस तसाही पिऊन बघू."

बाईंनी तोंड वाकडं न करता तो कडू चहा संपवला. तिसऱ्या दिवशीही. खोलीवाल्याला एक शब्द सांगितला असता तर दूध आलं असतं, पण मग तो विचारणार, "मॅडमना तर नेहमी बिनदुधाचा लागतो ना?" तो काळा कप समोर आला की त्यांना वाटायचं, काकू बाजूला उभी राहून बघतेय, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नाही, नुसतं आश्चर्य आहे. तेच जास्त लागायचं.

तिसऱ्याच संध्याकाळी जुन्या सभासदांचा समारंभ होता. काकांनी डोकं दुखल्याचं सांगून पाहिलं. बाई मात्र स्वतः शिवलेला निळा झगा घालून केव्हाच तयार होत्या. "मानाचं बोलावणं आहे, असं कसं टाळायचं?"

दिवाणखाना माणसांनी भरला होता. सूत्रसंचालक भलताच बोलघेवडा. दोन-चार विनोद करून झाल्यावर त्यानं हातातला कागद वर धरला. "आणि आजचं मानाचं जोडपं! दोन्ही कंपन्या मिळून इथे सगळ्यांत जास्त रात्री समुद्रावर काढलेले नवरा-बायको!"

त्यानं काकांचं आडनाव घेतलं. टाळ्या सुरू झाल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस जमिनीवर म्हणू तरी शकतो. इथे खाली पाणीच होतं.

बाई गोंधळून काकांकडे बघत होत्या. मग तो गोंधळ त्यांच्या चेहऱ्यावरून गेला. काकांनी ते नेमकं पाहिलं. काकांच्या दंडाला धरून, एकेक पायरी मोजून, त्या मंचावर चढल्या.

"ताई, इतक्या सफरींमधली तुमची आवडती कोणती?" सूत्रसंचालकानं माइक पुढे केला.

काकांनी तोंड उघडलं. 'यांची पहिलीच आहे,' इतकं म्हणायचं होतं.

बाईंनी शांतपणे माइक घेतला. "एकदा मोठं वादळ झालं होतं," त्या म्हणाल्या. "सगळे देवाचा धावा करत होते. आणि हे गृहस्थ लिफ्टच्या दाराला कान लावून उभे. लोकांना वाटलं, हे पळायची वाट शोधतायत. विचारलं, तर म्हणतात कसे, आवाज बरोबर येत नाहीये हिचा, तेल कमी पडलंय!"

दिवाणखान्यात हशा पिकला. "ती सफर आवडती," बाई म्हणाल्या आणि माइक परत दिला.

काका थिजून उभे होते. ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी होती, आणि त्यांनी ती बाईंना कधीच सांगितली नव्हती. ती काकूंनी सांगितली असणार. दर सफरीआधी काकू खालच्या मजल्यावर नवे कपडे शिवायला टाकायच्या, आणि माप देता देता मागच्या सफरीच्या गोष्टी सांगायच्या. तोंडात टाचण्या धरून बाई ऐकायच्या.

खोलीत आल्यावर बाई पलंगाच्या कडेला बसल्या. गुडघे चोळत म्हणाल्या, "कधीपासून मी ती आहे?"

काकांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पासपोर्ट, जन्मतारीख, तिन्ही 'हो'.

"चहावरूनच शंका आली होती मला," बाई म्हणाल्या. "बिनदुधाचा चहा तिचा. उशी तिची."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्ही बोलाल."

काका खाली बसले. बाईंनी पातळ उशी मांडीवर घेतली आणि तिच्या अभ्र्याची शिवण बोटानं चाचपत राहिल्या.

"तिचे कपडे मी शिवलेत, अहो. तिचा उजवा खांदा जरा उतरता होता, हे तुम्हाला तरी माहीत आहे का? तिच्या मापात मला कोंबलंत आणि वर मला मानानं मिरवलंत. बिचारीला धड मरूही दिलं नाहीत, आणि मला धड येऊही दिलं नाहीत."

"तुमच्या गुडघ्यांसाठी केलं हो मी."

"माझ्या गुडघ्यांवर ढकलू नका. ते कुठेही उभे राहतील. आयुष्यभर राहिलेत." मग जरा थांबून, आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "तिनं इतक्या हौसेनं केलेल्या सफरी माझ्या नावावर! तिला वर काय तोंड दाखवू मी?"

काकांना रडू आलं नाही. लाज वाटली, आणि ती अंगभर पसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच सभासदांच्या खिडकीपाशी गेले. आत चष्मा लावलेला एक तरुण होता.

"आमच्या खात्यावर जी मुख्य सभासद आहे," काका म्हणाले, "माझी बायको. ती वारली. तीन वर्षांपूर्वी." बोलून झालं तरी काचेला हात टेकवून ते उभेच राहिले. एवढंच होतं तर ते.

तरुणाचे हात थांबले. "पण काल समारंभात..."

"त्या माझ्या दुसऱ्या पत्नी. त्यांची ही पहिलीच सफर. खोटं मी सांगितलं, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं."

तरुणानं संगणकाच्या पडद्यावरची नोंद वाचली. "तुम्ही वर्षाच्या आत कळवलं असतं ना, तर सोनेरी पायरी तुमच्याच नावावर राहिली असती. इथे, तिथे, दोन्हीकडे. नियमच आहे तसा. आणि तुमच्यासोबत आल्या म्हणून यांनाही त्याच रांगेतून सोडलं असतं."

"म्हणजे सांगितलं असतं तर..."

"काहीच गेलं नसतं. आता मात्र मुदत उलटली. खातं बंद होईल. तुम्ही दोघं पहिल्या पायरीवर." तो थोडा घुटमळला. "काढून टाकू का त्यांचं? नाव, सफरी, आवडीनिवडी, सगळं एकदमच जातं."

नियम एकदा विचारला असता तर! पण नियम विचारायलाही 'ती गेली' म्हणावं लागलं असतं. काकांनी मान डोलावली. तरुणानं एक कळ दाबली, बस्स.

उतरायच्या दिवशी सकाळी ट्रे आला. दोन कप, आणि मध्ये दुधाचं भरलेलं भांडं. पलंगावर जाड उशी कालच आली होती. सगळं जसं हवं होतं तसं झालं होतं, आणि काका त्या ट्रेकडे बघत राहिले. इतके दिवस जो काळा कप नकोसा झाला होता, तो आता कुठेच दिसत नव्हता. काकूला काय आवडतं हे लक्षात ठेवणारं जगात एक ठिकाण उरलं होतं, तेही त्यांनी आपल्या तोंडानं बंद केलं होतं. आता मात्र त्यांना रडू आलं.

बाईंनी आपल्या चहात दूध घातलं. मग ट्रेवरचा पाण्याचा पेला रिकामा केला, किटलीतला उरलेला कोरा चहा त्यात ओतला आणि तो टेबलाच्या कडेला ठेवला.

"निवू दे," त्या म्हणाल्या. "ती गार करूनच प्यायची."

उतरायला पुन्हा दोन रांगा. सोनेरी दोरीपलीकडे चार खुर्च्या रिकाम्या होत्या. लांब रांगेत बाई थोडं अंतर चालल्या आणि थांबल्या. काकांनी बॅग आडवी केली, बाई तिच्यावर बसल्या. रांग पुढे सरकली की त्या उठत, काकांच्या खांद्यावर सगळा भार टाकून चार पावलं जात आणि पुन्हा बसत. मागची माणसं चुळबुळ करत होती. काकांनी एकदाही त्या खुर्च्यांकडे पाहिलं नाही.

दारातल्या मुलीनं बाईंचं कार्ड घेतलं. "दमलात ना, ताई? पहिलीच सफर होती का?"

"हो," बाई म्हणाल्या. "माझी पहिलीच."

मुलीनं काकांकडे पाहिलं. काकांनी बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि बाईंना उतरायला हात दिला.